समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ : सूत्राआधी लंब



वरच्या प्राथमिक वर्गांत क्षेत्रफळाचे प्रकरण शिकविताना आयत, चौरस, त्रिकोण, समांतरभुज चौकोन येथवरची वाट बहुधा सुखाने पार पडते. समलंब चौकोनापाशी आले की आपण फळ्यावर सूत्र लिहितो, दोन उदाहरणे सोडवून दाखवितो आणि दहा उदाहरणे घरी करावयास देतो. मुले ती बिनचूक सोडवूनही आणतात. मात्र त्या दहा उदाहरणांवरून मुलास विषय कळला आहे की नाही हे समजत नाही, हा माझा अनुभव आहे. तो मला एका शेताच्या वाटणीने दिला. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन ध्यानी येईल.

माझ्या शाळेच्या गावी दोघा भावांनी विहिरीखालची मळ्याची जमीन आपसात वाटून घेतली. थोरल्याच्या वाट्यास सरळ आयताकृती तुकडा आला, ३४ मीटर लांब व २१ मीटर रुंद. धाकट्याचा तुकडा ओढ्याच्या बाजूचा. त्याचे दोन बांध परस्परांस समांतर, एक ४० मीटरांचा व दुसरा २८ मीटरांचा. उरलेले दोन्ही बांध एकाच दिशेस कललेले, एक २५ मीटर व दुसरा १७ मीटर. वाटणी करणाऱ्या जाणत्या गृहस्थांनी दोन्ही तुकड्यांभोवती दोर फिरविला. दोन्हींचा घेर ११० मीटर भरला. तेव्हा वाटे सारखे झाले असे सर्वांनी मानले.

धाकट्या भावाचा मुलगा माझ्याच वर्गात होता. बापाने त्यास हिशेब तपासावयास सांगितला. मुलाने समांतर बांधांची बेरीज करून निम्मी केली, ती ३४ आली. मग 'उंची' हवी म्हणून उरलेल्या दोन बांधांची सरासरी घेतली, ती २१ आली. ३४ गुणिले २१ म्हणजे ७१४ चौरस मीटर, अर्थात सुमारे सात गुंठे. थोरल्याचे क्षेत्रही ७१४. मुलाने सांगितले, "वाटे बरोबर आहेत."

दोन हंगाम गेले. खत तेच, पाणी तेच, मशागतही तीच. तरी कांद्याच्या गोण्या धाकट्याकडे दर खेपेस कमी. शेवटी तो शाळेत आला व म्हणाला, "गुरुजी, जमिनीत खोट आहे का हिशेबात, एवढं तुम्हीच बघून सांगा." मी टेप व सुतळी घेऊन गेलो. दोन समांतर बांधांमधील काटकोनातील अंतर मोजले. ते २१ मीटर नव्हते, १५ मीटर होते. ३४ गुणिले १५ म्हणजे ५१० चौरस मीटर. सात गुंठ्यांच्या जागी जेमतेम पाच! त्या रात्री मुलाची वही काढून पाहिली. समलंब चौकोनाच्या धड्यावर मी त्यास दहापैकी दहा गुण दिलेले होते.

दोष मुलाचा नव्हता. मी फळ्यावर जी जी आकृती काढली तिच्यात उंची तुटक रेषेने आखून तिचे माप शेजारी लिहिलेले असे. उंची शोधावी लागते ही गोष्ट त्या मुलापुढे कधी आलीच नव्हती. शेतात तुटक रेषा कोणी आखून ठेवीत नाही. तेथे दिसतात ते बांध. आणि जे दिसते तेच मनुष्य मोजतो.

यास्तव माझी पहिली सूचना अशी की, हा पाठ सूत्रापासून नव्हे तर नावापासून सुरू करावा. समलंब म्हणजे ज्याचे लंब समान आहेत तो. चौकोनाच्या संमुख बाजूंची एक जोडी समांतर असेल तर त्यांपैकी एका बाजूवरील कोणत्याही बिंदूतून दुसरीवर लंब टाका, त्याची लांबी तीच भरेल. चौकोनाचे नाव बाजूंवरून पडलेले नसून लंबावरून पडलेले आहे, हे मुलांस सांगितले की त्यांस गंमत वाटते व ते लक्षात राहते. वहीच्या आखीव पानावर दोन ओळींच्या दरम्यान निरनिराळ्या कलाचे पाचसहा समलंब चौकोन काढून घ्यावेत आणि प्रत्येकात गुण्याने तीनतीन लंब टाकून मोजावयास लावावेत. तिरप्या बाजू प्रत्येक आकृतीत वेगळ्या, लंब मात्र सर्वत्र एकच. या कामात अर्धा तास गेला तरी तो सार्थकी लागला असे समजावे.

आता क्षेत्रफळ. त्यासाठी मुलांस त्रिकोणाचे क्षेत्रफळ येत असणे पुरेसे आहे. कखगघ या चौकोनात कख ही खालची बाजू ११ सेंटिमीटर, घग ही वरची बाजू ५ सेंटिमीटर, दोन्ही समांतर, आणि त्यांमधील लंब ४ सेंटिमीटर घ्यावा. ख व घ हे बिंदू जोडणारा कर्ण काढला की दोन त्रिकोण होतात. पहिला कखघ. त्याचा पाया ११, उंची ४, क्षेत्रफळ २२. येथे कोणी अडत नाही.

दुसरा त्रिकोण खगघ. याची उंची कोणती, असे विचारताच वर्ग गप्प होतो, आणि येथेच शिक्षकाने घाई करू नये. मुलांस त्रिकोणाचा पाया खाली पाहण्याची सवय असते. या त्रिकोणात पाया म्हणून घग ही वरची बाजू घ्यावयाची आहे आणि समोरचा शिरोबिंदू ख खाली आहे. शिवाय ख मधून काढलेला लंब घग या बाजूवर न पडता ती पुढे वाढविल्यावर तिच्यावर पडतो; म्हणजे उंची त्रिकोणाच्या बाहेर गेली! पुष्कळ मुलांस हे बेकायदेशीर वाटते. वही उलटी फिरवून पाया खाली आणावा, बाजू पट्टीने वाढवून घ्यावी आणि लंब प्रत्यक्ष मोजून घ्यावा. तो ४ सेंटिमीटरच भरतो, कारण तोही त्याच दोन समांतर रेषांमधील लंब आहे. मघाशी दोन ओळींमध्ये केलेले काम येथे उपयोगी पडते. तेव्हा दुसऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ५ गुणिले ४ भागिले २, म्हणजे १०. एकूण ३२ चौरस सेंटिमीटर.

असे तीन चौकोन सोडविले की कोणीतरी हुशार मुलगी विचारतेच, "गुरुजी, दोन्हीकडे उंची तीच आणि दोन्हीकडे निम्मे करायचे, तर आधी बेरीज केली तर चालणार नाही का?" सूत्र येथे जन्मास येते : समांतर बाजूंच्या लांबींची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. आपण ते आधी फळ्यावर लिहून हा प्रश्न मारून टाकतो.

पडताळा म्हणून पुठ्ठ्याचे दोन एकरूप समलंब चौकोन कापून जोडण्याची रीत बहुतेक सर्व पुस्तकांत आहे आणि ती चांगली आहे. दुसरा तुकडा अर्धे वर्तुळ फिरवून पहिल्याच्या तिरप्या बाजूस लावला की एक मोठा समांतरभुज चौकोन होतो. त्याचा पाया ११ अधिक ५ म्हणजे १६, उंची तीच ४, क्षेत्रफळ ६४. त्याचे निम्मे ३२. मात्र तुकडा फिरवावयाचा आहे, पालथा घालावयाचा नाही. दोन्ही तिरप्या बाजू सारख्या असलेल्या आकृतीत पालथे घातल्यानेही जमते, त्यामुळे हा भेद लक्षात येत नाही. बाजू असमान असल्या म्हणजे पालथा तुकडा लागत नाही आणि भर वर्गात शिक्षकाची फजिती होते. तुकड्यांच्या एका अंगास रंग लावून ठेवावा आणि रंगीत अंग वर राहिले पाहिजे असे बजावावे.

ही रीत आधी घ्यावी की त्रिकोणांची, याविषयी मतभेद आहेत. माझे मत त्रिकोणांच्या बाजूने आहे. तुकडे जोडताना हात काम करतात, पण 'दोन का घेतले' याचे उत्तर मुलाजवळ नसते. कर्ण काढण्याची कल्पना मात्र त्यास पुढे कोणत्याही वेड्यावाकड्या शेतात कामास येते.

आता वर सांगितलेल्या चुकीकडे वळू. संमुख बाजूंच्या सरासऱ्या काढून त्यांचा गुणाकार करण्याची रीत आपल्या खेड्यांतच निघाली असे नाही, ती फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात ती दिली आहे. पण तिने मिळणाऱ्या फलास त्याने स्थूल म्हटले आहे व सूक्ष्म फलासाठी वेगळी रीत सांगितली आहे. आपल्या सूत्राचे मूळ त्याहूनही जुने. आर्यभटाच्या इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यास त्यांमधील लंबाने गुणावे, असा नियम आढळतो.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या लीलावतीत याविषयी जे लिहिले आहे ते प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे. चार बाजू त्याच राहूनही कर्ण बदलू शकतात व त्यांबरोबर क्षेत्रफळही बदलते. तेव्हा एखादा लंब अथवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ जो विचारतो त्यास ते पिशाच्च म्हणतात, आणि त्याचे उत्तर देणाऱ्यास त्याहून मोठे पिशाच्च! हे वाचल्यावर माझ्या मनात आले, की माझ्या विद्यार्थ्यास त्या दुसऱ्या पदवीस पोहोचविण्याचे काम मीच केले होते.

हे मुलांस दाखवावयास साधन अगदी फुकटचे आहे. ज्वारीच्या चिपाडांचे चार तुकडे घेऊन बाभळीच्या काट्यांनी टोकांशी जोडावेत व आयताची चौकट करावी. ती एका कोपऱ्यातून हळूहळू दाबावी. बाजू त्याच, घेर तोच. आतली जागा मात्र कमी कमी होत जाते आणि अखेरीस चिपाडे एकमेकांस लागून जागा जवळजवळ उरतच नाही. भोवती दोर फिरवून केलेली वाटणी का फसते हे येथे डोळ्यांना दिसते. स्थूल रीतीचे फल खऱ्याहून कधीच कमी येत नाही. आयतात ते बरोबर येते, अन्यत्र जास्तच येते, आणि बांध जितके कललेले तितके अधिक जास्त. ज्याच्या वाट्यास कललेला तुकडा येतो तोच प्रत्येक वेळी ठकतो.

येथे एक बारकावा शिक्षकांनी स्वतःसाठी ध्यानी ठेवावा. कोणत्या दोन बाजू समांतर आहेत हे निश्चित असेल आणि त्या असमान असतील, तर चारही बाजूंवरून लंब काढता येतो. धाकट्या भावाच्या शेतात ४० मीटरांच्या बांधातून २८ मीटर वजा केले व एका टोकाकडून तिरप्या बांधास समांतर रेषा आखली, तर १२, १७ व २५ मीटर बाजूंचा त्रिकोण सुटा होतो. त्याची अर्धपरिमिती २७. २७, १५, १० व २ यांचा गुणाकार ८१००, त्याचे वर्गमूळ ९०. हे त्रिकोणाचे क्षेत्रफळ. पाया १२ असता उंची १५ येते. टेपने मोजलेली उंची मी अशी कागदावर पडताळली आणि मगच भावांपुढे बोललो. मुलांस हे शिकविण्याची गरज नाही, पण गावात हिशेब सांगावयाचा तर तो दोन रीतींनी जुळवून सांगावा.

शक्य असेल तेथे एक तास मैदानावर घ्यावा. फक्कीने मोठा समलंब चौकोन आखावा. त्याची समांतर बाजू शाळेच्या भिंतीस समांतर नसावी, तिरकी असावी. काटकोनासाठी सुतळीस समान अंतरावर गाठी मारून बारा भाग करावेत आणि तीन, चार व पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून धरावा. तीन व चार यांच्यामधला कोन काटकोन असतो. तीन मुले सुतळी धरतात, चौथा टेप ओढतो. आपल्याकडील जुन्या जमीन-मोजणीची पद्धत मुळात हीच होती. काटकोन साधण्यासाठी शंकू नावाचे उपकरण व लांबीसाठी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. शेतातून एक मुख्य रेषा घालून प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब टाकीत. त्या मापांच्या टिपणात शेत म्हणजे काही काटकोन त्रिकोण व काही समलंब चौकोन अशीच आकृती दिसते.

या टिपणाचे एक लहान उदाहरण वर्गात अवश्य द्यावे. मुख्य रेषा ५० मीटर. आरंभापासून १० मीटरांवर १२ मीटरांचा लंब, ३० मीटरांवर १८ मीटरांचा लंब, दोन्ही एकाच बाजूस. अखेरीस बांध रेषेस मिळतो. पहिला त्रिकोण ६०, मधला समलंब चौकोन ३००, शेवटचा त्रिकोण १८०, एकूण ५४० चौरस मीटर. मधल्या चौकोनात समांतर बाजू उभ्या आहेत आणि 'उंची' मुख्य रेषेवर आडवी, २० मीटर, पडलेली आहे. जी मुले समांतर बाजू नेहमी वरखाली शोधतात ती येथे बरोबर सापडतात.

बांधबंदिस्तीची कामे गावोगाव आहेत. मातीच्या ताली आडव्या छेदात समलंब चौकोनाच्याच असतात. माथा १ मीटर, तळ ५ मीटर, उंची दीड मीटर धरली तर छेदाचे क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर आणि ४० मीटर लांबीस माती १८० घनमीटर. तालीचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर तो अडीच मीटर भरतो. टेप उतारावर टाकणे सोपे, म्हणून कोणी त्यालाच उंची समजला तर हिशेब ३०० घनमीटरांवर जाईल! मजुरी मापावर असते तेथे हा फरक कोणाच्या तरी पदरात पडतो किंवा पदरातून जातो.

परीक्षेत काय विचारावे याविषयी थोडे. उदाहरणात तिरप्या बाजूंची मापेही द्यावीत, म्हणजे मुलास निवड करावी लागेल. फळ्यावरील आकृती कधी उभी, कधी कलती काढावी. एखाद्या आकृतीत तिरपी बाजूच काटकोनात ठेवावी, म्हणजे बाजू हीच उंची केव्हा असते तेही मूल ओळखील. आणि एका प्रश्नात नुसत्या चार बांधांची मापे द्यावीत, समांतरपणाविषयी काहीच सांगू नये. 'एवढ्यावरून क्षेत्रफळ निश्चित सांगता येत नाही' असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात असे लिहिण्याचे धैर्य कोणासच झाले नाही. सर्वांनी काही ना काही गुणाकार केलाच.

भावांच्या जमिनीचे पुढे असे झाले. दोन्ही तुकडे मिळून १२२४ चौरस मीटर, प्रत्येकी ६१२. थोरल्याने कुरकुर न करता आपल्या ३४ मीटर लांबीच्या बाजूने तीन मीटर रुंदीची पट्टी सोडली, ती १०२ चौरस मीटरांची झाली आणि हिशेब जुळला. पट्टी आखताना टेपचे एक टोक माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हाती होते.

अखेरीस चौपाखी घराच्या छपराचे एक उदाहरण देतो, कारण त्यात मी स्वतः गोंधळलो होतो. घराच्या लांब अंगाचे पाखे समलंब चौकोनी असते. वळचण १२ मीटर, आढे ४ मीटर. वळचणीच्या पातळीपासून आढ्यापर्यंत ओळंब्याने उंची ३ मीटर. कौलांवरून आढ्यापासून वळचणीपर्यंत काटकोनात अंतर ५ मीटर. आणि कोपऱ्यातून आढ्याकडे चढणारी कड सुमारे ६.४ मीटर. कौले किती चौरस मीटरांसाठी आणावीत? वर्गाने एकमुखाने ३ मीटर घेऊन २४ असे उत्तर दिले, आणि ओळंबा हाच खरा लंब असे मलाही क्षणभर वाटले. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने वही तंबूसारखी उभी केली, तिच्या उतरत्या पानावर बोट ठेवले आणि म्हणाली, "कौलं तर ह्या पानावर बसणार, मग लंबही ह्या पानावरच काढायला हवा ना?" उत्तर ४० चौरस मीटर.